नथूची नाडी

मागल्या दसऱ्याला पाटीपूजन उरकताच मास्तरांनी कस्तुराबाईच्या नथूला घरी धाडलं. कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणूनच ते कामशेतच्या बाजारापर्यंत पोचलं. पोर बिगरीत बसलं आणि बसल्या जागी भिजलं.

"पुढच्या दसऱ्याला आणा," मास्तर म्हणाले. "पण चड्डीची नाडी त्याची त्याला सोडता आली पाहिजे. मी अक्षरं शिकवतो बाई, नाड्या सोडत बसत नाही."

कस्तुराबाईची थोरली दोन्ही पोरं म्हशींमागं गेली ती गेलीच. धाकट्याला तरी अंगठा काळा करायची पाळी येऊ नये, एवढाच तिचा हट्ट. यंदाही परत पाठवलं तर तिचा नवरा रखमाजी त्याच्याही हाती काठी देणार, हे ठरलेलं.

पण घरात नाडीचं ज्ञान शून्य! रखमाजी धोतरात, ती लुगड्यात, थोरली पोरं लंगोटीवर. पहिल्यांदा तिनं साधी सुरगाठ मारली. नथू विहिरीकडं पळाला आणि चड्डी वाटेतच राहिली. समोरच्या घरातली धोंडाबाई हंडा भरता भरता ओरडली, "कस्तुरे, तुजा इद्वान आला गं, पर निम्माच!"

आळी पोट धरून हसली. हे कस्तुराबाईला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून नथूच्या कमरेला वासराच्या दाव्याची गाठ बसली. ओढावी तितकी आवळणारी.

मग रोज सकाळी अंगणात शिकवणी.

"सोड."

"आये, सुटत न्हाई."

"सुटत न्हाई कशी? बोटं काय भाड्यानं दिलीत?"

नथू ओढी, गाठ आवळे, कस्तुराबाई धपाटा घाली. पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागलं की रखमाजी दातांनी गाठ सोडी आणि वर म्हणे, "ह्याच्यापरीस म्हस लवकर शिकली आसती."

नथू शिकला, पण भलतंच. घाई झाली की जो दिसेल त्याच्यापुढं पोट काढून उभं राहायचं. धोंडाबाई सोडी, दत्तोबा न्हावी वस्तरा बाजूला ठेवून सोडी. एकदा तर बांगड्या विकायला आलेला कासारही सोडून गेला. शेवटी कस्तुराबाईनं आळीला ताकीद दिली, "माज्या पोराच्या नाडीला जो हात लावंल त्याचा..." पुढचं लिहिण्याजोगं नाही.

दसरा उजाडला. आज फजिती नको म्हणून तिनं गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली आणि नथूला मारुतीच्या देवळात नेलं. शाळा तिथंच भरायची. रखमाजी बाहेर पारावर बसला.

"हं, सोड बघू," मास्तर म्हणाले.

नथूनं नाडी ओढली. पुन्हा ओढली. मग सवयीनं मास्तरांपुढं पोट काढून उभा राहिला. पोरं खिदळली.

"बाई, अजून एक वर्ष..."

"थांबा मास्तर, घरी सुटतीया!" कस्तुराबाईनं खुशाल ठोकून दिलं आणि स्वतःच त्याच्यापुढं बसली. नखं लावली. दात लावले. गाठ हलेना. इकडं नथूचे पाय नाचायला लागले.

"आये, आली!"

मास्तरांनी पेन्सिली तासायचा चाकू उचलला आणि नाडी कचकन कापली. नथू चड्डी मुठीत धरून बाहेर धावला आणि कोरडाच परत आला.

"गाठ कुणी मारली होती?"

"म्याच."

"तुम्हाला सुटली?"

कस्तुराबाई लुगड्याचा काठ चावत राहिली.

"नाव घालतो. पोराचा दोष नाही. उद्यापासून सुरगाठ मारून पाठवा."

तिनं नथूकडं पाहिलं. वर्षभराचे धपाटे आता परत कसे घ्यायचे? ह्या विचाराचाही राग आला, आणि तो काढायला पारावर रखमाजी होताच.

"घेतला का?"

"घेतला!" ती अशी खेकसली की त्याला वाटलं, हाकलला. "म्हनत्यात, सुरगाठ मारा."

"मंग मारू की."

"आन् सुटली मंजी? आळी कुनाला हसंल, तुमाला?"

आत बिगरी सुरू झाली होती. मास्तर म्हणाले, "ओढा रेघ." सगळ्यांनी ओढली. नथू तेवढा बसून होता. दोन्ही हातांनी चड्डी धरलेली, पेन्सिल धरायला हात उरला नव्हता.