पुलाच्या मधोमध

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकणकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. सगळं जग रविवारी लोळत पडतं, तेव्हा आम्ही कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असतो. त्यामुळे शहरातल्या मॅरेथॉनवाल्यांशी माझं कधी जमलं नाही. ते रविवारी पहाटे जमणार, आधी फोटो काढणार, मग पळणार, आणि पळून झालं की पोहे खात मनगटावरच्या घड्याळांची तुलना करणार. आमचा ग्रुप दोघांचाच होता. मी आणि कंपनीत माझ्याच विभागातला, माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठा असलेला एक ऑपरेटर. फोटो काढायला तिसरा माणूसच नव्हता.

मी लातूरकडचा. आयटीआय करून इकडे आलो आणि थेरगावात स्थिरावलो. तो पुनावळ्याचा, मूळ गाववाला. त्याच्या शेतावर टॉवर उभे राहिले होते आणि त्यातल्याच एकात सातव्या मजल्यावर तो राहायचा. तरी रोज चाकणला कामाला यायचा. कशाला येता म्हटलं की म्हणायचा, "मग घरी बसून काय करू? गॅलरीत उभा ऱ्हाऊन आपलंच रान हुडकू व्हय?"

पळायला मला त्यानेच लावलं. माझं पोट सुटलं होतं, साखर काठावर आली होती, आणि डॉक्टरांपेक्षा तो जास्त रागावला होता. तरुणपणी त्याच्याकडे शर्यतीचे बैल होते. पहाटे बैलांना फेरी द्यायची म्हणून तो त्यांच्या मागे कोसभर पळायचा. बैल गेले, गोठा गेला, पळायची सवय तेवढी राहिली. आता बैलाच्या जागी मी आलो होतो. मी कायम पुढे आणि तो कायम मागे. एकदा मी म्हटलं, "अहो, तुम्ही माझ्यापेक्षा जोरात पळता, तुम्ही व्हा की पुढे." तर हसून म्हणाला, "हाकणारा कधी फुडं पळतो का, राव? तू फुडं बघ. मी हाय मागं."

कधीकाळी बैलाने लाथ मारलेली, त्यामुळे त्याचा डावा पाय जरा घासत पडायचा. उजव्याचा दणका, डाव्याची घसट. ताथवड्याच्या चढावर माझा दम निघाला, आता थांबावं असं वाटलं, की मी तो आवाज ऐकायचो आणि पुढची शंभर पावलं निघून जायची. वर्षभर मी असाच पळालो. माझ्या पायांवर माझा विश्वास नव्हता, मागच्या पायांवर होता.

मग त्याच्या डोक्यात आलं, घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत पळत जायचं. "रोज बस नेती आपल्याला पोत्यावानी. एकदा आपल्या पायानं जाऊ." रस्ताही ठरला. थेरगाव, चिंचवड, स्पाइन रोड, मोशी, इंद्रायणीवरचा पूल आणि तिथून सरळ चाकण. काही महिने आम्ही दर गुरुवारी थोडं थोडं अंतर वाढवत गेलो. एका गुरुवारी पहिल्यांदाच पुलापर्यंत पोचलो.

पुलाच्या मधोमध मागचा आवाज बंद पडला. मी लगेच वळलो. तो कठड्याला हात लावून खाली बसत होता, बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. मी पोचेपर्यंत आडवा झाला होता. एक टेम्पोवाला थांबला, आम्ही दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं पुलावरच संपलं होतं, कुणी काही करू शकलं नसतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो.

महिनाभराने मी पुन्हा बूट घातले. चिंचवड मागे पडलं आणि मागून आवाज यायला लागला. उजव्याचा दणका, डाव्याची घसट. मला वाटलं, आठवण आहे, येणारच. मी मागे पाहिलं नाही. मोशी ओलांडली, पूल आला. मधोमध मागचा आवाज बंद झाला आणि त्याबरोबर माझे पाय थांबले. दम लागला नव्हता, पोटरी आखडली नव्हती. पुढे टाकायला पाऊल उचलतच नव्हतं. खाली नदीवर पांढरा फेस तरंगत होता, बाजूने नव्या गाड्या लादलेले ट्रेलर पूल हलवत जात होते, आणि मी कठड्याजवळ खांबासारखा उभा. शेवटी मागे फिरलो, तेव्हा पाय मुकाट्याने चालायला लागले.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी हरतऱ्हेने करून पाहिलं. कानात गाणी लावली, तर गाण्याच्या खालून आवाज यायचा. देवाचं नाव घेत पळालो. स्वतःला शिव्या घालत पळालो, शिव्यांमध्ये तर मी वस्ताद आहे. कंपनीतल्या एका उत्साही इंजिनिअरने समजावलं की लांब पळणाऱ्यांच्या मनात एक भिंत असते आणि ती इच्छाशक्तीने पाडायची असते. मी म्हटलं, साहेब, भिंत असती तर पाडली असती. बायकोने नारळ उतरवून टाकला आणि मोशीच्या पुढे पळायचं नाही अशी शपथ घालायला लागली. गंमत म्हणजे बसमधून मी रोज तोच पूल ओलांडत होतो, जाता-येता. काही व्हायचं नाही. बसमध्ये मागे कुणी पळत नसे.

मला भीती वाटायची. पण खरं सांगायचं तर बुधवारी संध्याकाळपासून मी त्या आवाजाची वाटही पाहायचो.

त्याच्या वर्षश्राद्धाला पुनावळ्याला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्यासमोर येऊन बसल्या. "भावजी, पळताय का अजून?" मी हो म्हणालो आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. वाटलं, बाई रडतील किंवा मला खुळ्यात काढतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसल्या जागेवरनं मारून उठवताय व्हय सोताला?"

मला कळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "बैल एकदा एका जागी बसला, की दर खेपंला तितंच बसतो. वस्तीवर लई बघितलंय मी. त्याला मारून उठवला तर उठतो, पर ती जागा त्याच्या डोक्यातनं जात न्हाई. मंग आमी काय करायचो, गाडी सोडायची, वझं काढायचं, दुसरा बैल जोडीला द्यायचा आन् दोघास्नी त्या जागेवरनं नुसतं चालवायचं. पळवायचं न्हाई. येत्या गुरुवारी मी येते."

"वहिनी, तुम्ही कशाला?"

त्या म्हणाल्या, "माजं माहेर चाकणच्या फुडं हाय. वरीस झालं, तळेगावावरनं वळसा घालून जाते. त्यो पूल मलाबी वलांडता येत न्हाई."

गुरुवारी सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर मोशीपर्यंत नेलं. गाडी लावली आणि आम्ही चालायला लागलो. त्या साडीवर, पायात साध्या चपला. ट्रकवाले हॉर्न मारत होते, एकाने खिडकीतून काहीतरी ओरडूनही दाखवलं. पुलाचा उतार सुरू झाला आणि मागून आवाज आला. तोच. मी वहिनींकडे पाहिलं. त्या सरळ समोर बघत चालल्या होत्या, पण त्यांनी माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं.

मधोमध आवाज थांबला. माझे पाय थांबले. त्यांचेही थांबले. गाड्यांच्या त्या गदारोळात आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच उभे होतो.

"ऐकू येतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"हितं न्हाई," त्या म्हणाल्या. "घरी येतंय. रोज पहाटं. पळाया जाताना कडी काढायचे ना, तशी कडी वाजती. मी उठून बघत न्हाई. वाजली की मंग डोळा लागतो माजा." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि माझी बाही ओढली. "चला. खाली बघू नगा. एक पाय माजा, एक तुमचा."

त्यांनी एक पाऊल टाकलं. मी टाकलं. त्यांनी दुसरं टाकलं. माझं सगळं अंग मागे ओढलं जात होतं आणि मी एखाद्या लहान पोरासारखा रडत होतो, पण पाऊल पडत होतं. पूल संपला तेव्हा वहिनी रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, तोंडाला पदर लावून. तिथूनच त्यांचा भाऊ त्यांना माहेरी घेऊन गेला.

पुढच्या गुरुवारी मी घरापासून एकटा निघालो. चिंचवडला कान टवकारले, स्पाइन रोडला टवकारले. मागे काही नव्हतं. माझा श्वास आणि माझेच दोन पाय, दोन्हींचा आवाज सारखा. पूल कधी आला आणि कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. पाय जड झाले, नखं दुखली, चाकणच्या चौकात उन्हाने जीव नकोसा केला, पण पळणं थांबलं नाही. कंपनीच्या गेटला हात लावला. सुट्टीमुळे आत शुकशुकाट होता. मी पायरीवर बसलो. ज्याच्यासाठी इतके दिवस झुरलो ते झालं होतं, आणि मला आनंद कसा तो झाला नाही.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"पोचला का भावजी?"

"पोचलो."

"मागं?"

"काही नव्हतं."

त्या म्हणाल्या, "आपुन पूल वलांडला त्या दिसापासनं कडी वाजली न्हाई. मी पहाटंपासनं जागी असती, वाट बघत." फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "भावजी, आपुन त्यास्नी घालवलं का वो?"

मी नाही म्हणालो. मोठ्याने म्हणालो. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. मला पटलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी पुन्हा निघालो. मोशी गेली, पूल आला. पाय थांबायला तयार नव्हते, मीच त्यांना थांबवलं. पुलाच्या मधोमध, कठड्याजवळ उभा राहिलो आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला बघायला मागे वळलो. ट्रेलर गेले, कंटेनर गेले, एक दूधवाला गेला. ऊन चढेपर्यंत मी तिथे उभा होतो. कुणी आलं नाही. मग मी चाकणच्या दिशेने पळायला लागलो.