खुंटीवरचं लुगडं

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या घरी बायकोनं सोपवलेला मटार सोलत बसलो होतो. "डॉक्टरकाका, आबा गेलं," ती म्हणाली. कसे, म्हणून विचारलं. "दुपारी जेवलं. भाकरी, मेथीची भाजी, वर वाटीभर दही मागून घेतलं. म्हणलं, जरा पडतो. गोठ्याम्होरच्या बाजेवर पडलं ते उठलंच न्हाई." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं!" बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मटाराची वाटी तेवढी डोक्यात घालायची बाकी होती. फोनवर सुरेखाच म्हणाली, "व्हय काका. मलाबी तेच वाटलं." आणि त्यानंतर ती रडली.

बाप गेल्याचं कळवणाऱ्या लेकीला 'बरं झालं' म्हणणारा माणूस म्हणून मला कुणी नावं ठेवली तरी हरकत नाही. राजुरीच्या धोंडीभाऊंना मी एकदा मरणाच्या वाटेवर बरंच पुढे गेलेलं पाहिलं होतं. तोंड भिंतीकडे, ताट तसंच झाकलेलं, हाक मारली तर ओ नाही. तिथून ते परत फिरले. पण पुढची सगळी वर्षं माझ्या मनात एक धाकधूक होती, की हा माणूस शेवटी पुन्हा त्याच वाटेनं जाणार. तो दही मागून खाऊन गेला हे ऐकलं, आणि छातीवरचा धोंडा उतरला.

मी गुरांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकात माझी नेमणूक आळे गावच्या दवाखान्यात होती आणि राजुरीच्या फेरीत धोंडीभाऊंच्या वस्तीवरचा चहा ठरलेला होता. धोंडीभाऊ, त्यांची बायको हौसावहिनी आणि चंद्री नावाची म्हैस, असा तो संसार. सुरेखा सासरी आळ्यात, धाकटा संजय पुण्याला शिकायला. नवरा-बायकोचं सकाळपासून जे भांडण सुरू व्हायचं ते दिवेलागणीलाच थांबायचं, आणि तेही चंद्रीची धार काढायची वेळ झाली म्हणून. "डाक्टर, मला घरात दोघी," धोंडीभाऊ सांगायचे. "येक तोंडानं मारती, येक लाथंनं!" चंद्री वहिनींशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. दुसरं कुणी बसलं की कास ताठ करून दूध वर ओढून धरायची. वहिनींना भावाकडे जायचं तर चंद्रीची रजा काढावी लागे, आणि ती काही मंजूर होत नसे.

त्या वर्षी चंद्रीचं पारडू जन्मल्यावर लगेच दगावलं. त्यामुळे तिचा होता नव्हता तो सगळा जीव वहिनींवर जडला. आणि पाऊस सरता सरता तापाचं निमित्त होऊन वहिनीच गेल्या. एवढी कणखर बाई, आठवडाही निघाला नाही.

दशक्रियेनंतर मी गेलो तर वस्तीवर दोन जीव एकाच दुखण्यानं पडलेले. चंद्री चाऱ्याला तोंड लावत नव्हती, कास फुगून लाल झालेली, आज ना उद्या दगडी, म्हणजे कासदाह, होणार हे दिसत होतं. आणि धोंडीभाऊ भिंतीकडे तोंड करून. सुरेखा पोरंबाळं सासरी टाकून येऊन राहिली होती. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. ठीक कसलं, डोंबल! पुस्तकात आम्ही शिकलो होतो, की ओळखीचा हात लागला, ओळखीचा वास आला, की मेंदूतून रक्तात ऑक्सिटोसिन उतरतं आणि त्यानंच पान्हा फुटतो. भीती किंवा ताण आला, की दुसरी रसायनं उसळतात आणि ते दार बंद होतं. बाळंतिणीचंही तसंच, म्हशीचंही तसंच. पण परीक्षेत लिहिलेलं हे उत्तर एका घरात, एकाच वेळी, दोन अंगांवर दिसेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर आणि ज्या वासावर देह निश्चिंत होत आला, तो नाहीसा झाला तर देहानं भूक तरी कुणाच्या भरवशावर लावून घ्यायची?

"इकून टाका तिला," धोंडीभाऊ भिंतीलाच म्हणाले. "येपाऱ्याला निरोप धाडलाय. बाजारच्या दिशी येतोय." चंद्री गेली तर त्या बाजेवरून उठायला या माणसाला काहीच कारण उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. पान्ह्याचं इंजेक्शन माझ्या पेटीत होतं. एकदा टोचलं असतं तर दूध आलं असतं, पण मग रोज टोचावं लागलं असतं, आणि धोंडीभाऊंना कुठे टोचणार होतो? मी म्हणालो, "भाऊ, वहिनींचं लुगडं गुंडाळा आणि तुम्ही बसा धारेला." ही युक्ती काही माझी नव्हे. बाई गावाला गेली, की तिचं लुगडं पांघरून धार काढणारे बाप्ये मी घरोघरी पाहिले होते. पण चार दिवसांसाठी पांघरणं वेगळं. धोंडीभाऊ ताडकन उठून बसले, एवढ्या दिवसांत प्रथमच. "डाक्टर! बायकूची राख निवली न्हाई आन् मला लुगडं नेसाया लावता? गावात तोंड कसं दाखवू?" मीही तापट. म्हणालो, "आत्ता तरी कुठं दाखवताय? भिंतीलाच तर दाखवताय!"

वहिनींचे सगळे कपडे रीतीप्रमाणे दशक्रियेला देऊन झाले होते. एक चांगलं लुगडं सुरेखानं आठवण म्हणून ठेवून घेतलं होतं, ते तिनं ट्रंकेतून काढलं. धोंडीभाऊंनी कुरकुरत अंगाभोवती घेतलं. चंद्रीनं मान वळवली, हुंगलं, एक जोरदार शिंक दिली आणि अशी लाथ झाडली, की बादली एकीकडे, धोंडीभाऊ दुसरीकडे आणि मी थेट शेणात. लुगडं मी नाकाशी नेलं. साबण, नीळ आणि डांबराच्या गोळ्या! पोरीनं मायेनं घासूनपुसून, इस्त्री करून ठेवलं होतं. वहिनी त्यात नावालाही उरल्या नव्हत्या.

"मला काय ठावं, काका..." सुरेखाचा चेहरा रडवेला झाला. धोंडीभाऊ जमिनीवर बसल्या बसल्याच दाराकडे बघत होते. "त्ये हाय की," ते हळूच म्हणाले. गोठ्याच्या दारामागं खुंटीवर एक फडकं लोंबत होतं. फाटक्या लुगड्याचा तो अर्धा तुकडा वहिनी धार काढताना अंगावरून गुंडाळून घ्यायच्या, चांगल्या लुगड्याला शेण लागू नये म्हणून. इतकं कळकट, की कुणाला द्यायचं सुचलं नाही, आणि धुवायचं तर मुळीच नाही. धोंडीभाऊ उठले, ते खुंटीवरून काढलं आणि नाकाशी धरून तसेच उभे राहिले... सुरेखानं तोंड फिरवलं. मग त्यांनी ते गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि चंद्रीपाशी बसले.

चंद्रीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. पदर चाटला, आणि एरवी पारडासाठी काढतात तसा घशातला बारीक आवाज काढला. धोंडीभाऊंनी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सड भरले आणि बादलीत धार वाजली. त्या आवाजाबरोबर धोंडीभाऊंचे खांदे हलायला लागले. बायको गेल्यापासून माणूस रडला नव्हता, तो चंद्रीच्या कुशीत हमसून हमसून रडला, आणि हात मात्र चालू. मी बाहेर येऊन उगाचच मोटारसायकलचा प्लग पुसत बसलो. त्या दुधाचा चहा झाला. धोंडीभाऊंनी कपभर घेतला, आणि दुसरा मागितला.

व्यापारी आला तसा परत गेला. लुगडं मात्र कायमचं अंगाला लागलं. गावानं थट्टा सोडली नाही. डेअरीवर कुणी विचारलंच, "काय वैनी, आज उशीर?" तर हे म्हणायचे, "काय करू राव, कुकू सापडंना!" संजयला मात्र लाज वाटायची. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे मुलीला घेऊन घर बघायला येणार म्हणून त्यानं ते फडकं कडब्याखाली लपवलं. पाहुणे ओसरीवर पोहे खाताहेत, मी मध्यस्थ म्हणून ऐटीत बसलोय, आणि गोठ्यातून गर्जना: "माझं लुगडं कुणी नेलं रं?" संजय पांढराफटक! मुलगी, म्हणजे आताची सूनबाई मंदा, तोंडाला पदर लावून हसत होती. घरी जाऊन तिनं होकार दिला. पुढे एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "जिथं सासरा लुगडं गुंडाळून म्हस पिळतोय, तिथं भ्यायाचं कुणाला?" धोंडीभाऊंना मी ती पान्ह्याची आणि भीतीची रसायनं किती वेळा समजावली. ते हूं हूं करायचे आणि शेवटी म्हणायचे, "असंल. पर तुमच्या त्या रसाला वास न्हाई, डाक्टर."

चंद्री म्हातारी होऊन गेली. तिच्या शेवटच्या वेताची पारडी, शेवंती, दावणीला आली. तिनं हौसावहिनींना कधी पाहिलंच नव्हतं. तरी धोंडीभाऊ ते फडकं गुंडाळायचेच. तिला कशाला हवं, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "तिला नगं. मला लागतंय."

धोंडीभाऊंच्या दशक्रियेनंतर आठवडाभरानं मी वस्तीवर गेलो. संजयनं दोन-तीन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून घरची शेती धरली आहे. अंगणात कुणी नव्हतं, बाज रिकामी. सवयीनं गोठ्याच्या दारामागं बघितलं. खुंटीवर काही नव्हतं. रीतच आहे, गेलेल्याचे कपडे देऊन टाकायचे... दिलं असणार. की मंदानं धुवायला टाकलं?

तेवढ्यात आतून धार वाजली. शेवंतीच्या कुशीला कपाळ टेकवून कुणीतरी बसलं होतं, पदर डोक्यावरून. क्षणभर मी जागीच थबकलो. धार संपली तशी ती आकृती बादली घेऊन उठली. पॅंटवर लुगडं गुंडाळलेला संजय. "हसू नका, काका," तो म्हणाला. "कुणाला पान्हाच सोडत नव्हती. आबांच्या वासाशिवाय ऐकतच न्हाई."

मी हसलो नाही. वहिनींचं लुगडं शेवंतीच्या लेखी आबांचं झालं होतं. संजयनं ते काढून झटकलं आणि पुन्हा खुंटीला अडकवलं. माझ्यानं राहवलं नाही. "धुऊ नका रे ते कधी," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला, "काका, येडं झालाव का? त्ये कोण धुतंय! या, चहा टाकलाय."