रविवारची खाट

आमच्या गल्लीत त्यांना सगळे शब्बाथबाई म्हणत. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या त्या परिचारिका. रविवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, सृष्टी घडवून देवाने विसावा घेतला तसा विसाव्याचा दिवस; त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे, सुईत दोरा ओवला जात नसे. भाकरी शनिवारीच भाजून ठेवलेल्या असत. सत्तर सालच्या सुमारास मी नवखी शिक्षिका म्हणून कोल्हापुरात आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागले.

"विसावा एकटीनं घेतला की ती नुसती चैन होते," असे त्या म्हणत. म्हणून धुण्याभांड्याला येणाऱ्या शेवंतालाही रविवारची भरपगारी सुट्टी असे. शेजारणी कुरकुरत, "तुमच्यामुळं आमच्या बायका शेफारतील की!" बाई हसून म्हणत, "शेफारू द्यात. देवही सातव्या दिवशी शेफारला होता."

पण एकदा शेवंताच म्हणाली, "बाई, रविवारची सुट्टी नगं मला." सुट्टी म्हटली की सासू तिला घरभरच्या वाकळा देऊन नदीवर धुवायला धाडत असे. त्यापेक्षा चार भांडी परवडली. बाई म्हणाल्या, "ये तर मग. पण कामाला नाही, झोपायला."

तेव्हापासून दर रविवारी, बाई उपासनेहून परतल्या की, शेवंता त्यांच्या खाटेवर दोन तास गाढ झोपे. घरी मात्र ती कामाला जाते असेच सांगत असे. बाईंना हे ठाऊक नव्हते; मला होते. भांडी बाई स्वतः घासत. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना विचारले, "तुम्हीच शब्बाथ मोडायला लागलात?" बाई म्हणाल्या, "आमच्या घरात दोघींत मिळून एकच शब्बाथ आहे. सध्या तो तिच्याकडे असतो."

एका रविवारी सासू दारात येऊन उभी राहिली.

"तुमीच भांडी घासतायसा? मग आमची शेवंता कुठं हाय?"

मी उंबऱ्यात होते. 'तिला बाजारात पाठवलंय' एवढे तीन शब्द माझ्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले. बाई खोटे बोलणाऱ्या नव्हत्या. "आत झोपली आहे. मीच झोपायला सांगितलं."

"झोपलीया? घरात वाकळांचा ढीग पडलाय, आन राणीसरकार हितं लोळत्यात व्हय!"

शेवंता केस सावरत, अनवाणीच तिच्या मागून गेली. "अहो, ऐका तरी," म्हणत बाई फाटकापर्यंत धावल्या आणि राखेने भरलेल्या हातांनी फाटक धरून उभ्या राहिल्या.

सासूने मग रविवारी तिला आणखी दोन घरची कामे लावली. बाई दोनदा सासूला भेटून आल्या. "आमच्या घरातलं आमाला बघू द्या," एवढेच उत्तर मिळाले. सोमवारी शेवंता येई ती तारवटलेल्या डोळ्यांनी. अखेर एका सोमवारी बाईंनी पहाटेच सगळी भांडी घासून ठेवली आणि तिला म्हणाल्या, "आज काम नाही. तासभर पड."

लखलखीत भांड्यांकडे पाहून शेवंता रडू लागली. "माझं काय चुकलं, बाई? काढून टाकू नगा. ह्ये घर गेलं तर सासू उभी करायची न्हाय मला."

बाईंनी परोपरीने समजावले, तिला पटेना. शेवटी त्यांनी स्वतःच रचलेली भांडी एकेक करून पुन्हा मोरीत ठेवली. शेवंता डोळे पुसून ती स्वच्छ भांडी राखेने घासायला बसली, आणि बाई तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिल्या.

माझी शाळेची वेळ झाली होती. वहाणा हातात घेऊन, आवाज न करता, मी त्या दोघींच्या मागून निघून गेले.