स्पीकरवरची लेक

जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर डिजिटल विषमतेवर लिहायला घेतलं. फोन प्रत्येकाच्या हाती पोचला म्हणजे समता आली, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. घरातली जुनी उतरंड फोनमध्येही आपली जागा धरून बसते, हे मी लेखांतून पुन्हा पुन्हा सांगते.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई विणकर घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्या घरी चांगला मोठा फोन होता, पण मुलाच्या ताब्यात. लग्न होऊन गेलेल्या लेकीचा फोन आला की तो स्पीकरवर लागायचा आणि अख्खं घर भोवती जमायचं. लेक सगळ्यांना सांगायची, मजेत आहे.

‘आवाज बरा न्हाय ओ तिचा,’ कणीक मळता मळता बाई एकदा म्हणाल्या. ‘पर सगळ्यांम्होरं इचारू कसं?’

दुपारी लेक सासरी एकटीच असते म्हणाल्या, तेव्हा मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, ‘बसा की, तुमाला कुटं तेलुगू येतंय?’ त्यांनी नंबर लावला. पलीकडून रडणं आलं. ते मलाही कळलं.

पुढे बरेच दिवस दुपारी हा फोन चालला. मी चहा टाकायचे, त्या बोलायच्या. खरं सांगायचं तर मला त्या वेळेची ओढ लागली होती. माझ्या घरात कुणीतरी कुणाशीतरी मनातलं बोलत होतं.

मग एक दिवस बाई लेकीलाच घेऊन दारात उभ्या राहिल्या. सासरी जाऊन तिला आणलं होतं. पोरगी पार वाळली होती.

‘काम सोडते मॅडम. आता हिच्याजवळ थांबायला पायजे.’

मला फार बरं वाटलं. आणि रागही आला, तो कुणावर काढायचा ते समजेना.

जाताना त्यांनी विचारलं, ‘तुमी कुणासंगं बोलता ओ?’

‘मुलाशी. दर रविवारी, व्हिडिओवर. सून, नातू, सगळेच असतात.’



‘आन् एकट्यात?’

मी लेकीला विचारलं, पाणी हवंय का.