कुंकू न लागलेली नळी

दसऱ्याची सकाळ. नेमबाजीच्या रेंजवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. चादरीवर नऊ रायफली ओळीने मांडलेल्या, त्यांना झेंडूच्या माळा. दहावी माझी. मी ती कडेला ठेवली होती, अगदी कडेला, कुणाला अडचण नको म्हणून.

क्लबचे सेक्रेटरी अप्पासाहेब पूजेचं ताट घेऊन आले. निफाडकडचे मोठे द्राक्षबागाईतदार. मधोमध होती ती जर्मन रायफल त्यांची. त्यांनी ताट खाली ठेवलं. माझ्या रायफलीचा पट्टा दोन बोटांत धरला, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा. आणि ती रामभाऊंच्या हातात दिली. रामभाऊ म्हणजे रेंजवर टार्गेट लावणारे, बंदुका पुसणारे आमचे जुने कामगार.

"ही ससे मारायची बंदूक. टेबलावर नको."

सगळे हसले. मोठ्याने नाही. मोठ्याने हसले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

रामभाऊंनी माझी रायफल भिंतीशी टेकवली. तिथे सगळ्यांनी चपला काढल्या होत्या.

पूजा झाली. आरती झाली. मी टाळ्या वाजवल्या. पेढा हातावर आला, तो मी खाल्ला. आपट्याची पानं अप्पासाहेबांनी सगळ्यांच्या हातात दिली, माझ्या हातात वरून टाकली. मी वाकून नमस्कार केला. घरी जाताना राग आला तो आधी अप्पासाहेबांचा नाही. त्या पेढ्याचा आला. तो मी का गिळला, हे मी आजही स्वतःला विचारते.

ससे. हा शब्द त्यांनी उगाच काढला नव्हता. मी पेठकडची. डोंगरातली. भात, नागली आणि पावसाळा सरला की पोटासाठी खाली उतरणं, एवढंच आमच्या पाड्याला ठाऊक. माझ्या आईने निफाडच्या बागांमध्ये द्राक्षांची विरळणी केली, हात वर करून, दिवसभर. माझ्या बापाने जन्मात बंदूक हातात धरली नाही. बंदुका यायच्या त्या खालून. जीपमधून, मोठा दिवा लावून, बागाईतदारांची पोरं घेऊन. ससे ती मारायची. आम्ही दार लावून आत बसायचो. आणि ससे मारणारे कोण? आम्ही.

मी आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेज केलं. तिथे एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली. गोळी अगदी बारीक, करंगळीच्या टोकाएवढी. धक्का जवळजवळ नाहीच. पोटावर झोपून पाच गोळ्या मारल्या. हवालदार टार्गेट घेऊन आला, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पोरी, परत मार."

परत मारल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मला त्या दिवशी कुणी शाबासकी दिली नाही, पण मला कळलं. एक गोष्ट अशी आहे जिथे माझं आडनाव विचारत नाहीत. कागदावर भोक कुठे पडलं एवढंच बघतात. किती भोळी होते मी.

पुढे सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. तपासणी खात्यात. लेथवरून येणारे सुटे भाग भिंगाखाली धरायचे, कडेला खरवड आहे का, मापात आहे का ते बघायचं. रविवारी नाशिकला क्लबमध्ये जायचं. ज्यांच्याकडे स्वतःची रायफल नाही त्यांना क्लबची मिळायची. मला नेहमी चार नंबरची. ती गोळ्या कुठेही फेकायची. एक वर, एक डावीकडे, एक भलतीकडेच. दोन वर्षं मी समजत होते की माझाच हात बिघडला. अप्पासाहेबांना एकदा म्हटलं, या बंदुकीत काहीतरी आहे.

ते म्हणाले, "बंदूक नको बघू, हात बघ आधी. हाताला सवय कशाची आहे ते बघ."

मी हात बघितला. खरंच बघितला, घरी येऊन, दिव्याखाली. अशी माझी अक्कल.

मग एका रविवारी कारखान्यातलं भिंग पिशवीत घालून नेलं. चार नंबरच्या नळीच्या तोंडावर धरलं. गोळी बाहेर पडते ती गोल कड. ती कड सगळीकडून सारखी हवी, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तिचा. चार नंबरची कड खाल्लेली होती. कपाची कड फुटावी तशी. असा भाग माझ्याकडे तपासणीला आला असता तर मी लाल खूण करून भंगारात टाकला असता. कशाने खाल्ली ते तेव्हा कळलं नाही. हात माझा बिघडलेला नव्हता, एवढं कळलं. तेवढं पुरेसं होतं. ठरवलं, स्वतःची घ्यायची.

जुन्या नाशकात बंदुका दुरुस्त करणारे एक चाचा होते. परवाना असलेलं लहानसं दुकान, पुढे काऊंटर, मागे घासकामाचा बाक. मी म्हटलं, टार्गेटसाठी हवी, नेमकी हवी आणि माझ्या पगारात बसेल अशी हवी. चाचा हसले.

"तीनों एक साथ? बैठ बेटी. चाय पी."

पहिली दाखवली ती देशी, नवी कोरी. वजनाने हलकी. शेतावर न्यायला उत्तम, पण टार्गेटला हलकी बंदूक श्वासाबरोबर हलते. दुसरी देखणी, अक्रोडाचा दस्ता, त्यावर नक्षी. मी तिच्यावरून हात फिरवला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. चाचांनी माझा हात बाजूला केला.

"लकडी से गोली नहीं चलती, बेटी. नाल देख."

भिंग लावलं. त्या देखणीची नळी आतून झिजलेली होती.

तिसरी देवळ्याला होती. कांद्याच्या एका व्यापाऱ्याची, तो वारला होता. चाचा मला एसटीने घेऊन गेले. झेक बनावटीची, जाड नळीची, जड. दस्ता तडकलेला, त्यावर पितळी तार गुंडाळलेली. दिसायला अगदीच गबाळी. व्यापाऱ्याची बायको दारात उभी होती.

"आते वापरनारा कोनी नई शे. ली जा, बाई."

मी नळीच्या तोंडावर भिंग धरलं. कड अशी होती, जणू आजच लेथवरून उतरली. काडतूस आत ढकलणारा बोल्ट घट्ट बसत होता, डुगडुगत नव्हता. चाप एकाच जागी, एकाच दाबाला सुटत होता. चाचांनी ती कायदेशीर नोंद करून रेंजवर आणली. वाळूच्या पिशवीवर टेकवून पन्नास मीटरवर तीन तऱ्हेची काडतुसं मारून बघितली, प्रत्येकी पाच. महागड्या काडतुसांनी पसारा केला. सगळ्यात साध्या काडतुसांनी पाचही गोळ्या एका भोकात घातल्या. बंदुकीलाही आपापली चव असते, चाचा म्हणाले. मला तर तिचं हे फारच आवडलं.

परवान्याला वर्ष गेलं. कचेरीतला बाबू म्हणाला, "कशासाठी? पीक संरक्षण?" मी म्हटलं, नाही, खेळ. त्याने पेन खाली ठेवलं. चौकशीला आलेल्या पोलिसाने चाळीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडे जंगलात कुणी येतं का रात्रीचं, बंदूकवालं?" येतात ना, जीपमधून, असं जिभेवर आलं होतं. मूग गिळून बसले. कारण अर्जाला क्लबचं पत्र लागत होतं. त्यावर अप्पासाहेबांची सही. ती त्यांनी आठ महिने रखडवून दिली. आणि तीन वर्षांनी परवाना नवा करताना पुन्हा तेच पत्र, पुन्हा तीच सही. माझी बंदूक माझी होती, पण त्या सहीच्या दोरीला बांधलेली होती.

म्हणून दसऱ्याला मी पेढा खाल्ला.

आणि याहून वाईट पुढे केलं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. पुढच्या दसऱ्याला मी माझी रायफल टेबलापर्यंत नेलीच नाही. स्वतःच भिंतीशी टेकवली. चपलांजवळ. कुणी सांगितलं नव्हतं. अप्पासाहेबांनी बघितलं आणि समाधानाने मान हलवली. रामभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, लय वाईट वाटतं बघा. पन आपल्याला बोलता येत नाय." मी म्हटलं, चालायचंच. चालायचंच! हे मी म्हटलं.

परवान्याच्या तिसऱ्या वर्षी जानेवारीत क्लबची स्पर्धा होती. अप्पासाहेबांची जर्मन रायफल गोळ्या फेकायला लागली. आधी त्यांनी काडतुसांना शिव्या दिल्या, मग वाऱ्याला, मग रामभाऊंना. रामभाऊंनी नीट पुसली नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं. मग माझ्याकडे वळले.

"बघ गं, तुझ्या त्या भिंगातून."

मी भिंग लावलं. कडेला बारीक खड्डे पडले होते, वरच्या अंगाला जास्त. खड्ड्यांच्या तळाशी लाल. गंजाचा तांबूस रंग मला ओळखता येतो. हा तो नव्हता. मी टाचणीच्या टोकाने खरवडलं, बोटावर घेतलं.

कुंकू.

दर दसऱ्याला ओलं कुंकू, अप्पासाहेबांच्या अंगठ्याने दाबून, बरोबर नळीच्या तोंडावर. वर पाण्याचा शिंतोडा. आणि कोजागरीपर्यंत पूजेच्या शस्त्राला फडकं लावायचं नाही, ही क्लबची रीत. पाच दिवस ओलं कुंकू पोलादावर. वर्षानुवर्षं. मी उठून एकेक रायफल बघत गेले. चार नंबर बघितली. पाच, सहा. सगळ्यांची तोंडं लाल, खाल्लेली. नऊच्या नऊ.

माझी बघितली. स्वच्छ. तिला कुणी हात लावला नव्हता.

मला हसू आलं नाही. दोन वर्षं हात दिव्याखाली धरून बसले होते मी. दोन वर्षं. आणि बंदुका यांनी स्वतःच्या अंगठ्याने बिघडवल्या होत्या.

मी म्हटलं, "अप्पासाहेब, कुंकवाने खाल्लीय. नळीच्या तोंडावर लावू नका. दस्त्याला लावा हवं तर, आणि त्याच दिवशी पुसा."

मी दुसरं काही बोलले नाही. तपासणी खात्यात बोलते तेवढंच. त्यांचा चेहरा लाल झाला.

"शस्त्रपूजा तू शिकवणार आम्हाला? तुमच्यात काय पूजतात ते माहितीय. रामभाऊंची चूक आहे, विषय संपला."

रामभाऊ खाली बघत उभे होते. साठीचा माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला भिंतीशी टेकवलेली माझी बंदूक दिसली.

"चूक रामभाऊंची नाही," मी म्हटलं. "तुमच्या अंगठ्याची आहे."

मी भिंग पिशवीत टाकलं. शब्द बाहेर पडला होता आणि तो मला परत नको होता.

परवान्याची मुदत त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला संपत होती. पत्र मागायला गेले. अप्पासाहेब म्हणाले, "सगळ्यांसमोर माफी माग, मग सही." मधल्या काळात त्यांनी जर्मन रायफल गुपचूप चाचांकडे नेली होती. चाचांनी नळीचं तोंड जरासं कापून कड नव्याने घासून दिली. ती पुन्हा नीट मारायला लागली. क्लबमध्ये कुणाला सांगितलं नाही. मला चाचांनीच सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रामभाऊ निरोप घेऊन आले. "अप्पासाहेब म्हनत्यात, माफीबिफी ऱ्हाऊ द्या. या टायमाला तुमचीबी बंदूक टेबलावर ठिवा. पूजा झाली का लगेच सही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुंकू दस्त्याला लावायचं ठरलंय औंदा."

म्हणजे माझं खरं होतं. ते त्यांना माहीत होतं. पण ते खरं माझ्या नावावर जाता कामा नये. त्यासाठी मला टेबल देऊ केलं होतं. दहावी जागा. कडेची.

मी रामभाऊंना चहा दिला आणि म्हटलं, "सांगा त्यांना, माझी बंदूक टेबलावर नको."

सही मिळाली नाही. मुदत संपली. कायद्याप्रमाणे रायफल चाचांच्या दुकानात जमा केली, पावती घेतली. आज ती तिथल्या लोखंडी कपाटात आहे. मी दर रविवारी जाते. चाचांसमोर बसून तेलाचं फडकं फिरवते, भिंगातून नळीचं तोंड बघते, परत देते. गोळी मारता येत नाही. छातीत रोज काहीतरी जळतं, ते जळू देते.

दर महिन्याला कचेरीत एक अर्ज देते. पत्राशिवाय. प्रत्येक अर्जात एकच ओळ खाली वाढवते: नकार असेल तर कारण लेखी द्यावे. बाबू आता मला बघितलं की पेन खाली ठेवत नाही, उचलतो. कारण अजून दिलेलं नाही. देतील तेव्हा ते घेऊन वरच्या कचेरीत जाईन. तिथून त्याच्या वर.

ती बंदूक कपाटात म्हातारी झाली तरी चालेल. मीही होईन. पण तिच्यासाठी त्या शेडमध्ये मी पुन्हा वाकणार नाही, आणि पुन्हा कुणाच्या हातचा पेढा गिळणार नाही.