जांभळ्या कापडाआडची मरियामाय

ते प्रकरण आठवलं की आधी जांभळा रंग दिसतो. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी औंढा तालुक्यातल्या एका ठाण्यात नवीन फौजदार. ईस्टरच्या आदल्या दुपारी एका गावच्या फादरांचा फोन आला: चर्चमधली मरियामायची जुनी लाकडी मूर्ती चोरीला गेली. आमचे साहेब हसले, "मॅडम, तुमीच जा. कॉन्व्हेंटात शिकलात, तुमची जुनी वळख." मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. तरी गेले.

चर्च काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. निजामाच्या काळात गावच्या गवंड्यांनी त्यांना येत होतं तेच बांधलं होतं: दर्ग्यासारख्या टोकदार कमानी, खांबांवर देवळातली कमळं. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन फरशीवर इतकं हळू सरकत होतं, की मी काही क्षण कामच विसरले. ईस्टरआधी दोन आठवडे मूर्ती जांभळ्या कापडाने झाकून ठेवायची तिथे रीत होती. साफसफाईला आलेल्या बायांनी कापड काढलं, तर आत कडब्याची पेंढी निघाली. बरोबर मूर्तीच्या उंचीची.

चाव्या फक्त घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांकडे असायच्या. फादरांनी फिर्यादीत त्यांच्यावरच संशय घेतला.

पंचनामा करताना रिकाम्या कोनाड्यात मातीची बारीक रेघ दिसली. करंजाच्या तेलाचा कडवट वासही आला. दोन्ही लिहून घेतलं.

ठाण्यात हवालदाराने बाबांना दरडावलं, "काहून गप हाव? इकली का मूर्ती?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग काय पाय फुटले तिला?"

मी चहा पुढे केला. बाबांनी कप घेतला तेव्हा त्यांच्या बोटांना तोच करंजाचा वास आला. मी हवालदाराला बाहेर पाठवलं. विचारायचं होतं, चोरी का केली. तोंडून निघालं, "बाबा, कशाला भेता?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"तिच्या पायाला वाळवी लागली, ताई. घरी नेऊन तेल पाजून राहिलो, कोनाड्यालाबी लावलं. झाकलेल्या दिवसांत कोणाला दिसत न्हाई. बाया दरसाली सांजच्याला येतात, त्याच्या आत परत ठेवणार होतो; अवंदा दुपारीच आल्या."

"मग फादरांना सांगायचं."

"त्येंना जुनं पाडून सिमेंटचं चर्च बांधायचंय. वाळवी म्हटलं की तुळयाबी सडल्या म्हणतील. माझ्या आज्यानं दगड वाहिलेत तिथं. मला आत टाका, पर वाळवीचं लिहू नका."

मूर्ती त्यांच्या घरी गोधडीवर निजवलेली होती. तेल अजून ओलं होतं.

'वाळवी' हा एक शब्द गाळणं सोपं होतं. पण आज मी गाळला असता, तर उद्या दुसऱ्या कोणी त्याला हवा तसा लिहिला असता. म्हणून पुढच्या पंचनाम्याला मी गावचाच सुतार पंच घेतला आणि त्याला चर्चमध्ये शिडीवर चढवलं. तो एकेक सागवानी तुळई ठोकत वरून ओरडत होता, "ठणठणीत! ही बी ठणठणीत!" बाबा खाली प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते.

मी लिहिलं: वाळवी मूर्तीच्या पायथ्याला व कोनाड्यात, छताच्या सर्व तुळया शाबूत.

फादरांनी ते दोनदा वाचलं. "याची नक्कल मिळेल का? बिशपांना पाठवतो. मी तर न बघताच पाडायचं कळवलं होतं," ते म्हणाले. मग बाबांपाशी जाऊन, सगळ्यांदेखत, त्यांनी चाव्यांचा जुडगा त्यांच्या हातात परत दिला.

गैरसमजातून फिर्याद, असा अहवाल कोर्टात गेला. चर्च पाडणं टळलं.

पुढच्या नोकरीत अनेक गप्प माणसं समोर बसली. काही खरोखर गुन्हेगारही होती. पण काय केलंस, हे मी कुणालाच आधी विचारलं नाही. कशाला भितोस, हे आधी विचारलं.