देवाला दिलेली लेक

माझी लेक देवाच्या कामाला निघाली तेव्हा मी देवावरच रुसले होते. प्रार्थनेला बसायचे, पण तोंड फिरवून. रिबेका माझी एकुलती एक. तिचे वडील गेल्यावर नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत ब्लाउज शिवून मी तिला नर्स केलं. नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी चालून आली होती, आणि हिने सांगितलं, मेळघाटात मिशनच्या लहानशा दवाखान्यात जाते. तिथे बाळंतपणाला नर्स मिळत नाही. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाच्या पोरी नाहीत का?" ती नुसती हसली. हसण्यात अगदी बापावर गेली आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाला प्रत्येक जण घरचं काहीतरी वेदीपुढे ठेवतो. तूर, संत्री, कोंबडी, लोणच्याची बरणी. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि त्यात आमची एक जुनी खोड आहे. ज्याची कोंबडी, तोच बोली लावून तिला परत घरी नेतो. देवालाही पोचली आणि खुराड्यातही राहिली! त्या वर्षी अर्पणाच्या वेळी रिबेका पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. पाळकांनी मला तिच्या डोक्यावर हात ठेवायला बोलावलं. मी हात ठेवला. ओठांनी म्हणाले, "प्रभू, ही तुझी." मनात म्हणाले, लवकर परत आण. लोक कोंबडीच्या बाबतीत करतात ते मी लेकीच्या बाबतीत केलं.

ती गेली आणि घर खायला उठलं. एका दुपारी अस्तराचं कापड आणायला मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले होते. दुकानात कापड चाचपताना उजवा हात एकाएकी माझा राहिलाच नाही. ताग्यांना टेकून मी खाली बसले. बोलायला गेले तर जीभ वळेना. लोक म्हणाले, ऊन लागलं, पाणी पाजा. शेजारी एक बाई लग्नाचा बस्ता काढत बसली होती. माझं वाकडं झालेलं तोंड पाहताच तिने ग्लास बाजूला सारला.

"पाणी नका देऊ! लकवा मारून राहिला यायले."

बस्ता तसाच टाकून तिने मला ऑटोत बसवलं. वाटभर माझं डोकं आपल्या खांद्यावर धरून ती बोलत होती, "डोळे मिटू नका वं मावशी, माह्याकडे पाहा." मला प्रार्थनेचा एक शब्दही जुळवता येत नव्हता. मी तिच्याकडे पाहत राहिले, तेवढंच जमलं. दवाखान्यात विचारलं, तुम्ही यांच्या कोण? ती म्हणाली, "पोरगी आहो मी."

वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तिचं नाव वंदना. रामटेककडची, घरी धानाची शेती, नणंदेच्या लग्नासाठी आलेली. रिबेकाला फोन तिनेच केला आणि ती येईपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिली. शब्द फुटू लागल्यावर मी बोबड्या जिभेने विचारलं, एवढं का केलंस? ती म्हणाली,

"माही माय अशीच बाजारात पडली होती. लोक पाहत राहिले, अन् मी घरी भात रांधून राहिली होती."

मी डाव्या हाताने तिचा हात धरला. आम्ही दोघीही रडलो.

रिबेका आली ती बॅग घेऊनच. म्हणाली, "आई, मी आता तिकडे जात नाही." मी मागितलं होतं ते समोर उभं होतं, आणि मला आनंद होईना. तिकडे डोंगरात कोणीतरी बाई कळा देत असेल, तिच्या उशाशी कोण बसेल, हेच डोक्यात येई. प्रभूने शिष्यांना सांगितलं होतं, माझ्यासाठी जे सोडाल ते शंभरपट मिळेल. मी समजत होते, आधी आपण द्यायचं, मग तो देणार. इथे मी मनाने काहीच सोडलं नव्हतं, तरी त्याने वंदनाच्या रूपात माझ्या उशाशी लेक आणून बसवली होती. तीही त्याला प्रभू न म्हणणारी, रामाला हात जोडणारी. इतकं उदार कोणी असतं का!

हाताला थोडी ताकद आली, शेजारणीने दोन वेळचं बघायचं कबूल केलं, तेव्हा मी रिबेकाला म्हटलं, "आता तू जा."

"तुझं कोण पाहील?"

"गांधीबागेत ज्यानं पाहिलं, तोच."

ती गेली. दार लावून मी पोटभर रडले, कारण लेक दूर गेली की आईला रडू येतंच, त्यात अविश्वास नाही. माझे ओठ अजून एका बाजूला ओढले जातात. त्या वाकड्या तोंडानेच मी म्हटलं, "प्रभू, ती तुझीच होती. आणि मीही." यावेळी मनात वेगळं काही नव्हतं.